आत्याची बॅग भरण्याआधी

मुंबईत ‘नर्सिंग होम’ म्हटलं की नाक्यावरचं दहा-वीस खाटांचं खासगी इस्पितळ. १९४९चा नोंदणी कायदाही त्याच अर्थाचा. आपण शोधतोय ते वेगळं, म्हातारं माणूस कायमचं राहील आणि त्याचं सगळं केलं जाईल असं केंद्र. त्यातही बऱ्याच वृद्धाश्रमांत स्वतःचं स्वतः करणारी माणसंच घेतात. म्हणून पहिल्या फोनलाच विचारा: डायपर चालतो का, कॅथेटर चालतो का, नाकातली नळी चालते का? आणि आज चालणारं माणूस उद्या अंथरुणाला खिळलं तर ठेवाल, की घरी न्या म्हणाल? उत्तर ‘बघू तेव्हा’ असं आलं तर ते ‘नाही’च समजा.

मग अंतर. बदलापूर, कर्जत, विरारकडे हवा बरी, जागा मोकळी, पैसेही कमी लागतात. पण आपल्याला सवड रविवारी आणि लोकलचा मेगाब्लॉकही (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) रविवारीच. आमच्या घरात यावरून बरंच वाजलं. माझं मत अजूनही तेच आहे: बाग नसली तरी चालेल, पण ऑफिसातून सुटल्यावर न कळवता टपकता आलं पाहिजे. जागा बघायलाही तसंच जा, संध्याकाळी जेवणाच्या वेळेला. भरवणारी मावशी घास गिळायची वाट बघते की नाही, ते पाच मिनिटांत दिसतं. संडासात धरायला दांडा आहे का, रात्री किती माणसांमागे किती मावश्या असतात, पडून असलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलतात का, हे विचारून घ्या. बेडसोअर एकदा झाले की भरता भरत नाहीत.

करार घरी आणून वाचा. डिपॉझिट परत मिळणार का, डायपर आणि औषधं वेगळी का, रात्री तब्येत बिघडली तर कुठल्या इस्पितळात नेणार आणि तिथे पैसे कोण भरणार. माणूस तिथेच गेलं तर मृत्यूचा दाखला द्यायला डॉक्टर येतो का, हेही विचारा. विचारताना तोंड कडू होतं, पण रात्री दोन वाजता विचारण्यापेक्षा बरं. महिन्याची फी मेडिक्लेममधून निघेल या भरवशावर राहू नका. सत्तरीपुढच्यांचं पाच लाखांचं आयुष्मान कार्ड काढून ठेवा, पण तेही इस्पितळात भरती झाल्यावरच कामाचं.

कागदांत आधार, पॅन, पासबुक, जुनी डिस्चार्ज कार्डं हे सगळ्यांना सुचतं. विसरतं ते सिम. आधारचा आणि बँकेचा ओटीपी आत्याच्याच नंबरवर येतो. तो नंबर रिचार्ज करत राहा आणि फोन कोणाकडे राहणार ते ठरवा. पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो. आता तो मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो, फक्त कोणीतरी जाऊन करायला हवं. विसरभोळेपणा वाढत असेल तर समज आहे तोवरच या कागदांची घाई करा. कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) केलं की सुटलो असं वाटतं, पण करून देणाऱ्याची समज गेली असं ठरलं की कायद्याने ते संपतं.

आमची आत्या लालबागच्या चाळीत, पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन जुन्या भाड्याने घेतलेल्या खोलीत. खोलीला कुलूप लावून निघणार होतो, तेवढ्यात ओळखीच्या वकिलांनी टोकलं. भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे योग्य कारण नसताना सलग सहा महिने जागा वापरात नसेल तर मालक खाली करून मागू शकतो. म्हणून भाड्याच्या पावत्या, विजेची बिलं आणि डॉक्टरांचं पत्र एका फाईलमध्ये लावलं.

बॅगेत कपडे कमीच, पुढून बटणं असलेले गाऊन. प्रत्येकाच्या आत लाल दोऱ्याने आद्याक्षर घाला. मार्करची शाई तिथल्या धुण्यात टिकत नाही. कवळीची डबी, चष्मे दोन. कानाच्या यंत्राला दोरी लावा. आमचं पहिलं यंत्र चादरीबरोबर धुण्यात गेलं आणि केंद्राने कानावर हात ठेवले.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो एका कागदाला. तिची सवय न सवय लिहा आणि पलंगामागे चिकटवा. आम्ही लिहिलं: उजव्या कानाने ऐकू येतं. अंधारात झोपत नाही. घाबरली की मालवणीत बोलते, तेव्हा हिंदीत समजावू नका. बुधवारी मासे नसले की जेवत नाही. (केंद्र शाकाहारी निघालं तर हे आधीच कळायला हवं.) चहा बशीत ओतूनच पिते.

आणि ‘चार दिवसांसाठी’ म्हणून नेऊ नका. आमच्या काकांना तसंच सांगायचं होतं. आम्ही खरं सांगितलं. आत्या दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘‘देव कोण पुजणार ते सांगा आधी.’’ मग लहान गणपती बॅगेत गेला, बाकीचे आमच्या घरी.

तिथे चहा स्टीलच्या पेल्यात देतात. बशी कागदावर होती, बॅगेत कोणीच टाकली नव्हती. रविवारी घेऊन निघाले तर मेगाब्लॉक.