गोळीरोधक काउंटर बसवताना या चुका टाळा

सरकारी कार्यालयात किंवा बँकेत गोळीरोधक काउंटर करायचे ठरले की सगळी चर्चा काचेवर होते, आणि काउंटर कच्चा राहतो तो काचेच्या खाली आणि कडेला. धुळे जिल्ह्यातील एका कार्यालयात समोर चांगली 40 मिलिमीटर जाडीची काच होती. पण तिच्याखालच्या भागावर बोटाच्या पेराने टकटक केले तेव्हा आवाज पोकळ आला, कारण आत फक्त प्लायवूड आणि त्यावर लॅमिनेट होते. खुर्चीत बसलेल्या कर्मचाऱ्याची छाती नेमकी त्या प्लायवूडमागे येते. काच गोळी अडवण्याच्या ज्या स्तराची (म्हणजे कोणत्या शस्त्राची गोळी ती थोपवते), त्याच स्तराचा पोलादी पत्रा किंवा गोळीरोधक फायबरग्लासची पाटी काउंटरच्या पोटात, जमिनीपर्यंत हवी. चौकटीलाही हाच नियम लागू होतो. म्हणूनच युरोपीय मानकांत काचेसाठी ईएन 1063 आणि दारे-खिडक्यांसाठी ईएन 1522 अशी वेगळी चाचणी आहे.

दुसरी चूक निविदेतच होते. ‘इतक्या जाडीची काच’ असे लिहिल्याने काहीच ठरत नाही, कारण सारख्याच जाडीच्या दोन काचांचे थर वेगळे असू शकतात. स्तर लिहावा आणि चाचणीचा अहवाल मागावा. अमेरिकी यूएल 752 मानकातील पहिले तीन स्तर पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांसाठी आहेत. रायफलचा विचार त्यापुढच्या स्तरांत येतो. शिवाय गोळी अडली तरी आतल्या बाजूने काचेचे कण उडून डोळ्यांना इजा होऊ शकते. ईएन 1063 मध्ये ‘एनएस’ अशी खूण असलेली काच कण न उडणारी असते. आतून पॉलिकार्बोनेटचा (चिवट, पारदर्शक प्लास्टिकचा) थर असलेली काच उलटी बसवली तर हा उपयोगच जातो, तेव्हा ‘हल्ल्याची बाजू’ दाखवणारे लेबल मिस्त्रीने बसवण्याआधी काढून टाकू नये.

खान्देशात उन्हाचा हिशेब वेगळा धरावा लागतो. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, आणि दीड मीटर लांबीचा पॉलिकार्बोनेटचा पत्रा 30 अंशांच्या फरकाने सुमारे 3 मिलिमीटर वाढतो. चौकटीच्या खाचेत तेवढी जागा नसेल तर पत्रा फुगतो. अशा वेळी स्क्रू आवळण्याऐवजी खाच मोकळी करावी. थरांच्या काचेत कडेला दुधी पट्टा दिसू लागला, तर थर सुटत आहेत असे समजून आधी कडेची फट भरणारे सिलिकॉन तपासावे: लावताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन काचा जोडणाऱ्या मधल्या थराला बाधते, म्हणून न्यूट्रल प्रकारचेच वापरावे.

वजनाचा विसरही महागात पडतो. 40 मिलिमीटर काच दर चौरस मीटरला सुमारे 100 किलो भरते, आणि चार इंची विटांच्या भिंतीत ठोकलेल्या चौकटीवर तो भार टाकू नये.

सर्वांत जास्त दुर्लक्ष आवाजाकडे होते. खेड्यातून आलेली आजी अहिराणीत काही विचारते, आतल्या बाबूला ऐकू येत नाही, आणि आठवडाभरात बाजूचे दार विटेचा अडसर लावून उघडे ठेवलेले दिसते. कुठे कुठे तर काचेला ड्रिलने भोक पाडतात, मग चाचणीच्या अहवालाला अर्थ राहत नाही. त्यासाठी एकमेकांवर चढणाऱ्या, मध्ये फट असलेल्या दोन काचांची रचना आराखड्यातच करावी, म्हणजे आवाज वळून आत येतो आणि सरळ रेषेत येणारी गोळी अडते. ते जमत नसेल तर दोन्ही बाजूंना माइक-स्पीकर बसवावा आणि त्याला इन्व्हर्टरची जोडणी द्यावी, कारण वीज गेली की दार पुन्हा उघडते.