जत्रेहून आणलेली गाभण घोडी आणि शिंगराचा पहिला चीक

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार आणि पाठोपाठ माळेगावची खंडोबाची यात्रा झाली, की खानदेश-मराठवाड्यात अनेक गाभण घोड्या नव्या दावणीला येतात आणि त्यांतल्या बऱ्याच पौष-माघाच्या कडाक्यात वितात. या दिवसांत मेलेली जी शिंगरे मी पाहिली, त्यांतली बहुतेक एकाच चुकीने गेली. वार (जार) पडेपर्यंत त्यांना चीक, म्हणजे व्याल्यानंतरचे पहिले घट्ट दूध, पाजलाच नव्हता. वार पडण्याआधी चीक पाजू नये ही गाई-म्हशींच्या गोठ्यातून आलेली समजूत तिथेही चुकीचीच आहे. घोडीच्या बाबतीत ती जीवघेणी ठरते.

कारण असे, की घोडीच्या वारेची रचना रोगप्रतिकारक प्रथिने पोटातल्या शिंगरापर्यंत जाऊ देत नाही. ती प्रथिने फक्त चिकातून मिळतात आणि शिंगराचे आतडे ती आख्खी शोषून घेऊ शकते ते पहिल्या काही तासांतच. सहा तासांनंतर ही क्षमता झपाट्याने घटते आणि चोवीस तासांनी जवळपास संपते. चिकात प्रथिने व्याल्याबरोबर १५ टक्क्यांच्या वर असतात, तर चोवीस तासांनी ४ टक्क्यांच्या आसपास उतरतात. म्हणजे चीक पातळ होत जातो आणि आतड्याचे दारही त्याच वेळी बंद होत जाते. सकाळी बघू म्हणून झोपलेल्या मालकाचे नुकसान इथे होते, कारण घोड्या बहुधा रात्रीच वितात.

निरोगी शिंगरू तासाभरात उभे राहते, दोन तासांत कासेला लागते आणि वार तीन तासांत पडते. शिंगरू चोखू लागले म्हणजे गर्भाशय आकुंचन पावून वार पडायला मदतच होते, म्हणून वारेची वाट पाहणे दोन्ही बाजूंनी तोट्याचे. दोन तासांत ते कासेला लागले नाही, तर चीक स्वच्छ भांड्यात काढून बाटलीने दर तासाला २५० ते ३०० मिली पाजावा आणि पहिल्या सहा तासांत किमान एक लिटर पोटात जाईल हे पाहावे. पाजताना मान वर ताणू नये, दूध फुप्फुसात उतरते. चोखण्याची ओढच नसेल तर जबरदस्ती न करता पशुवैद्याला बोलावून नळीने पाजून घ्यावे. कडाक्याच्या थंडीत ओले राहिलेले शिंगरू चोखणे विसरते, तेव्हा आधी गोणपाटाने खसखसून कोरडे करावे. चीक कधीही उकळू नये. ज्या उष्णतेने खरवस बनतो, त्याच उष्णतेने ही प्रथिने निकामी होतात.

चिकाची प्रत ओळखण्यासाठी मी दोन बोटांत धरून पाहतो. मधासारखा चिकट आणि पिवळसर असला तर निर्धास्त होतो, पाणचट पांढरा असला तर शंका घेतो. हा हाताचा अंदाज झाला. नाशिककडच्या द्राक्ष बागाईतदाराकडे गोडी मोजण्याचे ब्रिक्स मीटर असते, ते मागून आणावे: २३ किंवा अधिक आकडा आला तर चीक चांगला, १५ च्या खाली आला तर त्यावर विसंबू नये. शिंगरू १८ ते २४ तासांचे झाल्यावर रक्त तपासून घेता येते. त्यात प्रतिकारक प्रथिन (आयजीजी) दर डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर हवे. ४०० च्या खाली असेल तर चीक लागू पडला नाही असे समजून रक्तद्रव (प्लाझ्मा) देण्याची सोय तातडीने पाहावी लागते.

जत्रेच्या घोडीत आणखी एक अडचण असते. घोडी ज्या गोठ्यात राहते तिथल्या जंतूंविरुद्धची प्रथिने तिच्या अंगात तयार होऊन व्यायच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यांत कासेत साठतात. म्हणून ती जिथे विणार तिथे चार ते सहा आठवडे आधी आणून बांधावी आणि धनुर्वाताची लसही त्याच सुमारास टोचून घ्यावी. दिवस भरत आलेली घोडी विकत घेऊन ट्रकमधून दोनशे किलोमीटर आणली, तर तिच्या चिकात जुन्या गावच्या रोगांची तयारी असते, तुमच्या गोठ्याची नसते. अशी घोडी घेतलीच असेल तर ती विईपर्यंत पुन्हा हलवू नये. व्यायच्या आधीच सडांतून दूध गळू लागले तर चीक वाया जातो आहे असे समजावे, आणि दुसऱ्या निरोगी घोडीचा चीक शोधून ठेवावा. तिचे स्वतःचे शिंगरू पोटभर प्याल्यावर पावशेर चीक काढून उणे २० अंशांवर गोठवला तर वर्षभर टिकतो. पाजताना तो कोमट पाण्यात वितळवावा.

चिकानंतरचे दूध गाईपेक्षा पातळ आणि गोड असते. स्निग्धांश साधारण १ ते २ टक्के, प्रथिने २ टक्क्यांच्या आसपास, दुग्धशर्करा ६ टक्क्यांहून अधिक. गाईच्या दुधात हेच आकडे अनुक्रमे साडेतीन ते चार, सव्वातीन आणि पावणेपाच आहेत. दिवस जातात तसा स्निग्धांश व प्रथिने उतरतात, शर्करा किंचित वाढते, आणि कॅल्शियम लिटरला १.२ ग्रॅमवरून ०.८ ग्रॅमपर्यंत येते. पहिल्या तीन महिन्यांत घोडी वजनाच्या सुमारे ३ टक्के दूध देते, म्हणजे ४०० किलोच्या घोडीचे रोज १२ लिटर. घोडी रवंथ करत नसल्याने हिरव्या चाऱ्यातली चांगली स्निग्धाम्ले बरीचशी जशीच्या तशी दुधात उतरतात, तर चंदी (धान्याचा खुराक) फार वाढवली की स्निग्धांश घटतो.

अशा ४०० किलोच्या घोडीला व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात रोज सुमारे ४७ ग्रॅम कॅल्शियम आणि १२०० ग्रॅम प्रथिने लागतात. भाकड असताना हीच गरज १६ आणि ५०० ग्रॅम असते. नुसता कडबा आणि गव्हाचा कोंडा घातला तर ही गरज भागत नाही, कारण कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असते आणि घोडी स्वतःच्या हाडांतून तूट भरून काढते. बांधावरचा लसूणघास हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दुकानदार दूधवाढीची महागडी बाटली पुढे करतात. मात्र त्यातले तांबे, जस्त, लोह घोडीला अधिक दिले तरी दुधातले त्यांचे प्रमाण फारसे वाढत नाही. नवजात शिंगराला लोहाचे थेंब मुळीच देऊ नयेत, त्याने यकृत निकामी होऊ शकते. दुभत्या जनावरांचे किंवा कोंबड्यांचे तयार खाद्यही देऊ नये, कारण त्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असू शकते आणि ते घोड्याला थोड्या मात्रेतही मारते.

नेहमीची कामे:
– नाळ: ०.५ टक्के क्लोरहेक्झिडीन (जंतुनाशक) लावणे, पहिल्या दिवशी तीन-चार वेळा.
– पहिली काळी लीद: बारा तासांत पडली पाहिजे.
– वार: पसरून पूर्ण आली का पाहणे, तीन तासांत न पडल्यास पशुवैद्य.
– पाणी: रोज ५० लिटरपर्यंत, थंडीत कोमट.
– खडे मीठ: रोज ३० ग्रॅम.

घोडी मेली किंवा आटली तर चीक पाजून झाल्यावर गाईचे साय काढलेले, सुमारे २ टक्के स्निग्धांशाचे दूध घ्यावे आणि लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज पावडर घालावी. साखर किंवा गूळ घालू नये, कोवळ्या शिंगराला तो पचत नाही आणि हगवण लागते. पहिल्या दिवशी वजनाच्या एक दशांश, पुढे हळूहळू पाचव्या हिश्श्यापर्यंत दूध द्यावे, आणि पहिला आठवडा दर दोन तासांनी, रात्रीही उठून पाजावे.