बाबांचं घर आईच्या नावावर करायचंय? नागपुरात कुठून सुरुवात करायची ते सांगते

बाबा गेल्यानंतर घर आईच्या नावावर व्हायला आम्हाला दीड वर्ष लागलं आणि त्यातले निम्मे महिने तर कामं उलटसुलट क्रमाने केल्यामुळेच गेले, म्हणून सगळं लिहून ठेवतेय, कोणाच्या दोनचार चकरा वाचल्या तरी खूप झालं.

वकिलाकडे जायच्या आधी घराखालची जमीन कोणत्या रेकॉर्डला आहे ते शोधा. नागपुरात हे फार महत्त्वाचं. महाल, इतवारीसारख्या जुन्या वस्तीत सिटी सर्व्हेची आखीव पत्रिका निघते, बाकी महाराष्ट्रात जिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात तीच. त्यावर सत्ताप्रकार बघा, नझूल असेल तर जमीन सरकारची आणि तुमच्याकडे फक्त पट्टा, मग त्याची मुदत संपली का, अटी काय ते आधी वाचा. नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) लीजचा प्लॉट असेल तर भूभाटक, म्हणजे जमिनीचं भाडं, थकलंय का बघा, थकलं असेल तर भरून टाका, नाहीतर नामांतराची फाईल तिथेच अडते. आणि मानेवाडा, दिघोरी या बाजूच्या लेआउटमध्ये मौजा (महसुली गाव) आणि खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) चालतो, कित्येकदा सातबारा अजूनही मूळ शेतकऱ्याच्या नाहीतर सोसायटीच्या नावावर असतो, तिथे नासुप्रचं आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) आणि बाबांची मूळ रजिस्ट्री (खरेदीखत) हेच तुमचे खरे कागद. आमचं आरएल बाबांच्या लोखंडी पेटीत एलआयसीच्या पावत्यांखाली सापडलं. मनपाची टॅक्स पावती म्हणजे मालकी नाही हे पण लक्षात ठेवा, आमच्या गल्लीत अर्ध्या लोकांना तसंच वाटतं.

आता वारस. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. आम्ही आई, दादा आणि मी असे तीन वारस धरून हक्कसोडपत्राचा ड्राफ्ट पण करून घेतला, स्टॅम्प घेतला, आणि मग एका अनुभवी अर्जनवीसाने विचारलं की वडिलांची आई आहे का? आजी होती, दादाकडेच राहते. हिंदू वारसा कायद्यात पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको आणि मुलं-मुलींच्या बरोबरीने त्याची आई पण पहिल्या वर्गातली वारस असते. आजीला वगळून कागद केला असता तर तिचा चौथा हिस्सा तसाच लटकत राहिला असता आणि उद्या घर विकताना कोणीतरी नक्की बोट ठेवलं असतं.

हक्कसोडपत्र नोटरी करून चालत नाही, रजिस्टरच लागतं. वारसाने आलेल्या घरात मोबदला न घेता सख्ख्या नात्यात हक्क सोडला तर स्टॅम्प नाममात्र लागतो, पैसे घेऊन सोडला तर हिशोब वेगळा. आणि एक मनापासून सांगते, बहिणीला "फक्त सही कर" असं म्हणू नका. तिचा हिस्सा भावाइतकाच आहे, ती सोडतेय तर काय सोडतेय ते तिला बसवून समजावून सांगा, आणि नाही सोडायचा म्हणाली तर वाटणीपत्राचा रस्ता आहेच.

आईवडील हयात असतील तर बक्षीसपत्र करता येतं. राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना दिलं तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटी 200 रुपये, स्थानिक अधिभार काय पडतो ते वेगळं विचारून घ्या. सख्ख्या भावाबहिणीला दिलं तर 3 टक्के. पण एकुलतं एक घर असेल तर माझं मत मृत्युपत्राचंच, कारण बक्षीस दिलं की दिलं, मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. द्यायचंच असेल तर देखभालीची अट त्या पत्रातच लिहून घ्या, मग 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार मिळतो. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक, तरी करून ठेवा.

हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र सही झाल्यापासून चार महिन्यांत दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नोंदणीला न्यावं लागतं. डाटा एंट्री आधी ऑनलाइन करून ठेवा, चलन, सगळ्यांचे आधार, पॅन आणि ओळखीला दोन माणसं सोबत, तिथे फोटो आणि अंगठा होतो. आजीला जिना चढवत नव्हता, तर अशा वेळी अर्ज करून घरी येऊन नोंदणी होऊ शकते, हे आम्हाला शेवटच्या आठवड्यात कळलं.

नोंदणी झाली की इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) घ्या आणि लगेच फेरफाराला, म्हणजे रेकॉर्डवरचं नाव बदलायला, लागा. सिटी सर्व्हे असेल तर भूमापन ऑफिस, सातबारा असेल तर पटवारी (तलाठी), लीज असेल तर नासुप्र, मग मनपाच्या आपल्या झोनमध्ये टॅक्सवर नाव, मग महावितरण आणि पाण्याचं बिल. दरवेळी मृत्यूचा दाखला मागतात, जास्तीच्या प्रती काढून ठेवा.

आणि सही करण्याआधी नावं अक्षर अक्षर वाचा, आधारशी जुळवा, खसरा आणि प्लॉट नंबर जुन्या रजिस्ट्रीशी ताडून बघा. आमच्या कागदात आईच्या नावात एक वेलांटी चुकली होती, आणि त्या एका वेलांटीच्या चूकदुरुस्ती पत्रासाठी आजीसकट आम्हा सगळ्यांना पुन्हा अंगठे द्यावे लागले.