पदार्थातील रासायनिक बंध कसा ओळखावा

मीठ, साखर आणि तांब्याची तार यांच्यातील अणूंना बांधून ठेवणारे बंध कोणते, हे पाठांतरापेक्षा परीक्षणाने समजून घेणे केव्हाही चांगले. त्यासाठी 9 व्होल्टची बॅटरी, रोधासह जोडलेला एलईडी, पेन्सिलीच्या शिशाचे दोन तुकडे आणि ऊर्ध्वपातित पाणी पुरेसे आहे.

बॅटरी व एलईडी जोडून मंडलाच्या दोन मोकळ्या टोकांना शिशाचे तुकडे लावावेत आणि प्रथम कोरड्या पदार्थाला ही दोन्ही टोके लावावीत. तार दिवा लावते, कारण धातुबंधातील इलेक्ट्रॉन कोणत्याही एका अणूशी जखडलेले नसतात. मीठ व साखर मात्र लावत नाहीत. त्यानंतर दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात विरघळवून शिशाची टोके एकमेकांना न टेकवता बुडवावीत. मिठाच्या पाण्यात दिवा लागतो, कारण स्फटिकात आयनिक बंधाने जागच्या जागी अडकलेले सोडिअम व क्लोराइड आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आता मोकळे फिरतात, तर सहसंयुज बंधांनी, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीने, बनलेले साखरेचे रेणू विद्युतभाररहित असल्याने तेथे दिवा लागत नाही. मिठाच्या द्रावणातून थोडा क्लोरीन वायू निघू शकतो. म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि प्रयोग काही सेकंदांतच थांबवावा.

द्रवणांकाचा पुरावा अधिक जपून वापरावा. मीठ 801 अंश सेल्सिअसला वितळते आणि मेण साध्या गरम पाण्यातही, हे खरे. पण मेण वितळताना रेणूंमधील दुर्बल आकर्षणच सुटते, रेणूतील सहसंयुज बंध अभंग राहतात. हा भेद निसटला की ‘सहसंयुज म्हणजे मऊ’ असा चुकीचा ग्रह होतो. उलट, अतिशय कठीण अशा हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांशी सहसंयुज बंधांनीच जोडलेला असतो.