खुंटी दिसली त्याच आठवड्यात कामाला लागा

जंगलात नवा रस्ता येतोय याची पहिली खूण म्हणजे बुलडोझर नव्हे. ती असते झाडाच्या बुंध्याला बांधलेली रंगीत फीत, नाहीतर पाचोळ्यात ठोकलेली, डोक्याला लाल रंग फासलेली लाकडी खुंटी. अशी खुंटी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्यावरचा आकडा वहीत टिपून घेतला आणि गप्प बसले. काम सुरू झालं की बोलू, असं वाटलं. दीड वर्षाने बोलायला गेले तोवर आखणी पक्की झाली होती, पैसा मंजूर झाला होता आणि कंत्राटही दिलेलं होतं. समोरच्या अधिकाऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पण बदलता येईल असं त्याच्या हातात काही उरलंच नव्हतं. ती चूक मला अजून सलते. म्हणून इथे सगळ्यात जास्त लिहिणार आहे ते रस्ता येण्याआधी काय करायचं याबद्दल.

वर्षावनात पहिला रस्ता अडवणं एवढं महत्त्वाचं का, ते आधी सांगते. तोडलेल्या झाडांची पट्टी फार तर तीस-चाळीस मीटर रुंद असते. खरं नुकसान त्यानंतर सुरू होतं. मुख्य रस्त्याला फाटे फुटतात, फाट्यांवरून लाकूड बाहेर जातं, मागोमाग शिकारी आणि खाणवाले येतात, मग आगी लागतात. वरून पाहिलं तर माशाच्या काट्यासारखी नक्षी दिसते. अॅमेझॉनवर 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की जवळजवळ 95 टक्के जंगलतोड ही रस्त्यापासून साडेपाच किलोमीटरच्या किंवा मोठ्या नदीपासून एका किलोमीटरच्या आत झाली होती. सरकारी रस्त्याच्या दर किलोमीटरमागे जवळपास तीन किलोमीटर बेकायदा रस्ते सापडले. बोर्निओ, सुमात्रा आणि न्यू गिनी इथल्या 2024 च्या अभ्यासात तर नकाशांवर नोंदलेल्या रस्त्यांच्या तीन ते साडेसहा पट रस्ते प्रत्यक्षात होते. त्यामुळे कोणी ‘जंगलाचा अर्धा टक्काच जाणार’ असं म्हणालं, तर तो हिशेब फक्त डांबराखालच्या जमिनीचा आहे हे लक्षात ठेवा.

आता चाहूल कशी लावायची ते. रस्ता क्वचितच एकटा येतो. खाण, धरण, बंदर, लाकडाचा परवाना, तेलताडाची लागवड यांपैकी काहीतरी त्याच्यापुढे किंवा मागे असतंच, तेव्हा त्यांच्या बातम्यांवरही नजर ठेवा. अर्थसंकल्पात ‘व्यवहार्यता अभ्यास’ किंवा ‘सविस्तर प्रकल्प अहवाल’ यासाठी निघालेली छोटी रक्कम ही मोठ्या रकमेची नांदी असते. कर्ज देणाऱ्या बँकांच्या संकेतस्थळांवर विचाराधीन प्रकल्पांची यादी असते, ती दर महिन्याला चाळा. उपग्रहाची चित्रं आता फुकट मिळतात. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रं दर पाच दिवसांनी येतात आणि त्यांत दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. वर्षावनावर ढग फार असतात, तेव्हा रडारवर चालणाऱ्या सेंटिनेल-1 कडे वळा, त्याला ढग आडवे येत नाहीत. ग्लोबल फॉरेस्ट वॉच या जंगलतोडीवर नजर ठेवणाऱ्या संकेतस्थळावर तुमचा भाग आखून ठेवलात तर झाडं पडल्याची सूचना ईमेलने येते. दाट हिरव्यात एक सरळ रेघ दिसली की थांबा. नदी कधी सरळ वाहत नाही.

मग त्या रेघेवरून पायी चाला. नकाशावर बसून हे काम होत नाही. एकटीने मात्र कधीही जाऊ नका. जंगल वाचवणाऱ्यांवर हल्ले होतात, जीवही जातात. सोबत तिथल्याच कोणाला घ्या, आणि तुमच्या लेखनात त्यांचं नाव, गाव येणार नाही याची काळजी घ्या. चालताना प्रत्येक ओढा, प्राण्यांची प्रत्येक वाट, फळांनी लगडलेलं प्रत्येक मोठं उंबर जीपीएसवर नोंदवा. झाडांचे शेंडे कुठे एकमेकांत गुंतलेत ते मान वर करून बघा, कारण वानरं, खारी, उडत्या खारी यांचा रस्ता तिथे वर आहे. घरटी आणि बिळं यांची अचूक ठिकाणं जाहीर करू नका, शिकारीही वाचतात. पावसाळी रात्री जवळच्या जुन्या रस्त्यावर विजेरी घेऊन एकदा तरी जा. पहिल्यांदा गेले तेव्हा दोन किलोमीटरच्या आत वहीचं पान भरलं होतं. ओल्या डांबरावर चपटे झालेले बेडूक, काहींच्या घशाची पिशवी अजून फुगलेली. एक मादी अर्धी चिरडलेली, अंडी बाहेर आलेली, पुढचे पाय अजून ओढ्याच्या दिशेने हलत होते. सकाळी मोजायला गेलात तर यातलं निम्मंही दिसत नाही, पहाटेपर्यंत पक्षी आणि मुंग्या उचलून नेतात. म्हणून मोजणी रात्रीच करा, महिनोन्महिने करा आणि प्रत्येक फोटोवर तारीख, वेळ, ठिकाण असू द्या.

पर्यावरणीय परिणामांचा अहवाल हातात आला की मी सारांश बाजूला ठेवते आणि सरळ परिशिष्ट उघडते. पाहणी कोणत्या महिन्यांत झाली? रात्री कोणी गेलं होतं का? तीन कोरडे दिवस फिरून केलेल्या यादीत बेडूक सापडणार नाहीत. एका अहवालातल्या पक्ष्यांच्या यादीत मला उघड्या माळावरचा पक्षी सापडला. यादी दुसरीकडून उचललेली होती. ती एक ओळ मी जनसुनावणीत वाचून दाखवली आणि पाहणी पुन्हा करायला लावली. पुढचा प्रश्न फाट्यांचा: रस्त्यामुळे पुढे होणाऱ्या तोडीचा अंदाज अहवालात आहे का? बहुतेक वेळा नसतो. हरकत लिहिताना भावना एका परिच्छेदात ठेवा, बाकी पान क्रमांक, नकाशा आणि तारीख. पोच घ्यायला विसरू नका.

नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही. रस्ता कोणाला हवाय आणि कशासाठी, हे जंगलाकाठच्या लोकांना जाऊन विचारा. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला सहा तास लागतात, असं सांगणाऱ्या बाईला मी झाडांची महती सांगू शकत नाही. तिची गरज खरी आहे. पण पुष्कळदा ती गरज जंगलाच्या कडेने जाणारा जुना रस्ता नीट करून, पूल बांधून जास्त चांगली भागते. म्हणून पर्यायी आखणी नकाशावर काढा, वाटेत किती गावं लागतात ते मोजा, अंदाजे खर्च मांडा. वर्षावनातला रस्ता भराव, मोऱ्या आणि कोसळणाऱ्या दरडी यांवर दर पावसाळ्यात पैसा खातो. अर्थखात्याच्या माणसाला तो आकडा बेडकांपेक्षा लवकर कळतो.

हे जमतं. नायजेरियातल्या क्रॉस रिव्हर महामार्गासाठी दोन्ही बाजूंची दहा-दहा किलोमीटर जमीन घेण्याचा घाट होता. तिथल्या एकुरी लोकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी नेट लावला, आणि 2017 मध्ये तो पट्टा मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी मलेशियातल्या सबा राज्यात किनाबातांगन नदीवरचा सुकाऊ पूल हत्तींच्या वाटेत येतो म्हणून रद्द झाला. पण जिंकलेलं टिकतंच असं नाही. बोलिव्हियात तिप्निस या राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या रस्त्याविरुद्ध मूलनिवासी 2011 मध्ये दोन महिन्यांहून जास्त चालत ला पाझ या सरकारचं ठाणं असलेल्या शहरात पोचले, संरक्षणाचा कायदा मिळवला. 2017 मध्ये नव्या कायद्याने ते संरक्षण काढून घेतलं. म्हणून कागद जपून ठेवा. प्रकल्प जागतिक बँकेच्या पैशावर असेल तर 1993 पासून तिची स्वतंत्र तपासणी समिती आहे. बाधित लोक थेट तिच्याकडे तक्रार करू शकतात.

सगळं करूनही रस्ता आलाच, तर भांडण रुंदी, वेग आणि फाटे यांवर आणा. रस्ता इतका अरुंद ठेवायला लावा की झाडांचे शेंडे वर जुळलेले राहतील. काही किडेखाऊ पक्षी जंगलाच्या सावलीतून उघड्यावर पाऊलच टाकत नाहीत. शेंडे तुटलेच तर दोरीचे पूल बांधा. तमिळनाडूत अन्नमलैच्या डोंगरात वालपराईला सिंहपुच्छ वानरं अशा पुलांवरून जातात. ओढ्यावर पाइप टाकू देऊ नका, रुंद मोरी मागा, तिच्यात दोन्ही काठांना कोरडी कड असली पाहिजे, म्हणजे पाणी असतानाही प्राणी खालून जातील. त्या मोरीकडे वळवणारं कुंपण नसेल तर मोरीचा उपयोग फार कमी. रात्रीची वाहतूक बंद करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. बंदीपूरमधून जाणारा महामार्ग रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. आणि रस्त्याला लागूनच्या जमिनीला संरक्षण डांबर पडायच्या आधी मिळालं पाहिजे. कोस्टा रिकात ब्राउलिओ कारिल्यो राष्ट्रीय उद्यान 1978 मध्ये जाहीर झालं, त्यातून जाणारा महामार्ग 1987 मध्ये खुला झाला, आणि जंगल आजही रस्त्याच्या दोन्ही कडांपर्यंत उभं आहे.

मजुरांची वसाहत जंगलाबाहेर हवी आणि त्यांना मांस कंत्राटदाराने पुरवायला हवं, नाहीतर हंडी जंगलातून भरते. खडी आणि यंत्रं न्यायला काढलेले कच्चे रस्ते काम संपताच बंद करण्याची अट करारात लिहून घ्या. बंद करायचे म्हणजे नुसता फलक लावून नव्हे. ओंडक्यांचे पूल उचलायचे, तोंडाशी खोल चर खणायचा, दाबून घट्ट झालेली माती नांगरून सैल करायची. माती सैल केली नाही तर बी रुजत नाही. असा एक फाटा सहा वर्षांनीही मोटारसायकल जाईल इतका उघडा सापडला. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी मी प्रत्येक चरापर्यंत जाते, चाकांच्या खुणा बघते, आणि बाजूच्या झाडाला लावलेल्या कॅमेऱ्याचं कार्ड बदलते.