दोनच प्रश्न आणि उणे व्हेरियन्स

ठाण्यातल्या आमच्या कॉलेजच्या सर्वेक्षणात व्यक्तिमत्त्वासाठी दहाच प्रश्नांची जागा होती. म्हणून २००३ची टिपी (टेन-आयटम पर्सनॅलिटी इन्व्हेंटरी) ही दहा प्रश्नांची प्रश्नावली मराठीत करून घेतली. व्यक्तिमत्त्वाचे पाच गुण (बहिर्मुखता वगैरे), प्रत्येकी दोन प्रश्न, एक सरळ आणि एक उलटा. उलट्यांचे गुणांकन फिरवून सीएफए (प्रश्न ठरवलेल्या गुणांत बसतात का, हे तपासणारं विश्लेषण) चालवलं, तर एका प्रश्नाचा एरर व्हेरियन्स, म्हणजे उत्तरांतला गुणामुळे न येणारा चढउतार, चक्क उणे! खरं तर तो शून्याखाली जाऊच शकत नाही.

नमुना वाढवा, असं सगळे सांगत होते. पण गोम वेगळीच होती. दोन प्रश्नांतून तीनच आकडे हाती येतात, दोन व्हेरियन्स (प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरांतला चढउतार) आणि एक कोव्हेरियन्स (दोन्ही उत्तरं किती एकत्र बदलतात ते). शोधायचे मात्र चार: दोन लोडिंग (प्रश्नाचं गुणाशी नातं किती घट्ट ते), दोन एरर व्हेरियन्स. उरलेला आधार इतर गुणांशी असलेल्या संबंधातून मिळतो. तो क्षीण असला की सगळं डळमळतं.

मी प्रत्येक जोडीची लोडिंग समान धरली आणि गुणाचा व्हेरियन्स १ ठेवला. मॉडेल स्थिरावलं. अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात, हे सांगणारा आकडा) कमीच राहिला, पण तेवढ्यावरून प्रश्नावली मोडीत काढू नका. हे प्रश्न गुणाच्या वेगवेगळ्या बाजू टिपण्यासाठीच निवडलेले आहेत. जोडीसाठी स्पिअरमन-ब्राउन (दोन प्रश्नांच्या मोजमापाची विश्वासार्हता सांगणारा गुणांक) काढा आणि जमलं तर काही आठवड्यांनी त्याच मुलांना पुन्हा विचारा.