आगोटीआधी सर्व्हरमधली वाट बंदिस्त करायची तर

मेचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या देवगडात आगोटीची, पावसाच्या तोंडावरच्या तयारीची, धांदल. कौलं परतून झालेली, लाकूडफाटा पडवीत रचायला घेतलेला, सुकी मासळी डब्यांत भरलेली, होड्या वर ओढून झापांखाली. १ जूनपासून मासेमारी बंद, आणि एकदा मृग लागला की वीज आणि इंटरनेट कधी जाईल ते सांगता येत नाही. याच पंधरवड्यात मी बागायतदारांच्या संस्थेच्या सर्व्हरचं काम काढतो. आंब्याच्या ऑर्डरी आटोपलेल्या असतात, पाऊस अजून आलेला नसतो, आणि काही बिघडलंच तर चालत जाऊन मशीनसमोर बसता येतं.

यंत्रणा साधी आहे. वेब सर्व्हर मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला, त्यावर एन्जिनएक्स हा प्रोग्राम गिऱ्हाइकाची विनंती घेऊन पुढे धाडतो. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर, म्हणजे टॉमकॅट, इथे पॅकिंग शेडला लागून असलेल्या खोलीत, कारण पेट्यांची मोजदाद आणि वजनकाटा इथेच आहे. वेब सर्व्हर म्हणजे घराची ओटी धरा, आणि अ‍ॅप सर्व्हर माजघर. गिऱ्हाइकाला ब्राउझरमध्ये जे कुलूप दिसतं ते ओटीपर्यंतचं. वेब सर्व्हर तिथे एन्क्रिप्शन उलगडतो आणि पुढे साध्या एचटीटीपीने धाडतो, म्हणून ओटीवरून माजघरात निरोप जाताना नाव, पत्ता, फोन नंबर सगळं उघड्यावर असतं. ही आतली वाट टीएलएसने, म्हणजे ब्राउझरच्या कुलपामागे असतं त्याच एन्क्रिप्शनने, बंदिस्त करायची आहे.

‘आमच्याकडे व्हीपीएन आहे की,’ असं यावर नेहमी ऐकू येतं. व्हीपीएन, म्हणजे दोन ठिकाणांमधला एन्क्रिप्ट केलेला बोगदा, जरूर असू द्या. पण तो बहुतेक ठिकाणी राउटरवर संपतो, आणि त्यापुढच्या नेटवर्कवर कॅमेरे असतात, हिशेबाचा कॉम्प्युटर असतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगितलेला वायफायचा पासवर्ड असतो. टीएलएस थेट टॉमकॅटपर्यंत जातं, वाटेत कुठे उलगडत नाही. दोन्ही असावीत असं माझं मत आहे.

काम कागदावर सुरू करा. अ‍ॅप सर्व्हरवर ‘एसएस’ ही कमांड चालवून कोणकोणती पोर्टं, म्हणजे सर्व्हरची क्रमांक दिलेली दारं, ऐकत बसली आहेत ते लिहून काढा. ८०८० वर साधं एचटीटीपी असेल. टीएलएससाठी टॉमकॅटवाले ८४४३ वापरतात. ८००९ उघडं दिसलं तर मात्र थांबा. ते एजेपी, वेब सर्व्हरने टॉमकॅटशी बोलायची आणखी एक पद्धत; त्यात एन्क्रिप्शनची सोयच नाही, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये उजेडात आलेली ‘घोस्टकॅट’ ही त्रुटी याच वाटेने आत शिरायची. वापरात नसेल तर आजच बंद करा. मग ८०८० शी कोण कोण बोलतं ते शोधा. वेब सर्व्हर तर आहेच, पण वजनकाट्याचा छोटा प्रोग्राम, लेबल छापणारा कॉम्प्युटर, रात्री चालणारी एखादी स्क्रिप्टही असते. यातलं एखादं राहून गेलं की बदल केल्याच्या दुसऱ्या दिवशी लेबलं छापायची थांबतात, आणि कारण सापडायला दुपार होते.

मग नाव. आयपी पत्त्यावर विसंबू नका, राउटर बदलला की तो बदलतो. अ‍ॅप सर्व्हरला एक आतलं नाव द्या. ‘डॉट इंटर्नल’ हे शेपूट इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅनने जुलै २०२४ मध्ये खासगी नेटवर्कांसाठी राखून ठेवलं आहे. आम्ही तेच घेतलं आणि वेब सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे कुठलं नाव कुठल्या पत्त्याचं या यादीत, नोंदवलं. हेच नाव सर्टिफिकेटच्या, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राच्या, ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’ या रकान्यात यायला हवं. नुसतं कॉमन नेममध्ये लिहिलेलं नाव आजचे बरेच प्रोग्राम बघतही नाहीत.

सर्टिफिकेट आपलं आपणच काढायचं, कारण असल्या आतल्या नावाला बाहेरचं सार्वजनिक प्राधिकरण सर्टिफिकेट देणार नाही. ओपनएसएसएल या प्रोग्रामने एक छोटं रूट, म्हणजे बाकीच्यांवर सही करणारं मूळ सर्टिफिकेट, बनवा, दहा वर्षांचं चालेल. त्याची खासगी की पासवर्ड घालून दोन पेनड्राइव्हवर ठेवा: एक संस्थेच्या कपाटात, दुसरा वेगळ्या गावात. आमच्या खाऱ्या हवेत पितळही हिरवं पडतं, तेव्हा पेनड्राइव्ह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वर्षातून एकदा उघडून वाचून बघा. टॉमकॅटची खासगी की मात्र अ‍ॅप सर्व्हरवरच तयार व्हावी आणि तिथून कधीही हलू नये. सहीसाठी बाहेर जाते ती फक्त विनंतीची फाइल, सीएसआर. कीच्या फाइलची परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, मालकी टॉमकॅट ज्या युजरखाली चालतो त्याची. कुणी सोय म्हणून की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली असेल तर ती बाद समजून नवी बनवा, मग पाठवणारा कितीही विश्वासू असो.

मुदतीची तारीख विचार करून ठरवा. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस असं ठरलेलं आहे, त्यामुळे ओटीवरच्या सर्टिफिकेटचं नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करायलाच हवी. आतल्या खासगी सर्टिफिकेटाला हे बंधन नाही, तारीख आपल्या हातात असते. बनवल्यापासून नेमकं एक वर्ष धरलं तर पुढच्या वर्षी ते ऐन आगोटीत संपतं, आणि तेव्हा कुणी आजारी पडलं किंवा पाऊस लवकर आला की जुलैत यंत्रणा बंद. म्हणून पहिलं सर्टिफिकेट नोव्हेंबरअखेरपर्यंतचं काढा, त्यापुढची वर्षावर्षाची. दिवाळी झालेली असते, पाऊस सरलेला असतो, आणि हापूसच्या ऑर्डरी यायला अजून अवकाश असतो.

टॉमकॅटची बाजू सोपी आहे: की आणि सर्टिफिकेट एकत्र ठेवणारी पीकेसीएस १२ फाइल, ८४४३ वर नवा कनेक्टर, टीएलएस १.२ आणि १.३ एवढंच चालू. १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरली आहेत. ८०८० तूर्त राहू द्या.

खरी काळजी घ्यायची ती वेब सर्व्हरच्या बाजूला, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. एन्जिनएक्समध्ये विनंती पुढे धाडणाऱ्या ‘प्रॉक्सी_पास’च्या ओळीत एचटीटीपीच्या जागी एचटीटीपीएस केलं की सगळं चालू होतं. ऑर्डरी येतात, लॉगमध्ये चूक दिसत नाही, आणि माणूस काम झालं म्हणून उठतो. पण ‘प्रॉक्सी_एसएसएल_व्हेरिफाय’ मुळात बंद असतं. म्हणजे समोरच्याने कुठलंही सर्टिफिकेट दाखवलं तरी एन्जिनएक्स ते मान्य करतो. संभाषण गुप्त असतं, पण कुणाशी चाललंय ते कुणी विचारलेलं नसतं. मधे बसलेल्याने स्वतःचं सर्टिफिकेट पुढे केलं तर सगळ्या ऑर्डरी कुलूपबंद होऊन थेट त्याच्याच हातात जातील. म्हणून ही तपासणी चालू करा आणि ‘प्रॉक्सी_एसएसएल_ट्रस्टेड_सर्टिफिकेट’मध्ये आपल्या रूटची फाइल द्या, फक्त आपल्याच रूटची.

ती चालू केल्याबरोबर बहुधा ५०२, म्हणजे मागच्या सर्व्हरशी जमलं नाही अशी चूक, येईल. लॉगमध्ये सर्टिफिकेट नावाशी जुळत नाही असं लिहिलेलं असेल. याचं कारण असं की मागच्या सर्व्हरचा पत्ता नोंदणारा ‘अपस्ट्रीम’ नावाचा ब्लॉक वापरला असेल तर एन्जिनएक्स त्या ब्लॉकचंच नाव सर्टिफिकेटात शोधतो, आणि आपण त्याला ‘बॅकएंड’ असं काहीतरी नाव ठेवलेलं असतं. नेमक्या याच वळणावर लोक घाईत तपासणी पुन्हा बंद करतात. तसं करू नका. ‘प्रॉक्सी_एसएसएल_नेम’मध्ये खरं नाव लिहा आणि ‘प्रॉक्सी_एसएसएल_सर्व्हर_नेम’ चालू करा, कारण तेही मुळात बंद असतं. एन्जिनएक्सऐवजी अपाचे वापरत असाल तर ‘एसएसएलप्रॉक्सीइंजिन’ चालू करून ‘एसएसएलप्रॉक्सीव्हेरिफाय’ला ‘रिक्वायर’ लिहा. नावाची तपासणी नव्या आवृत्त्यांत आपोआप होते.

उलट दिशेची ओळखही पटवता येते: वेब सर्व्हरला स्वतःचं सर्टिफिकेट द्यायचं आणि टॉमकॅटने ते मागायचं. दोन मशीनमध्ये एवढं अंतर असताना मी ते करतोच. फक्त त्या सर्टिफिकेटाची मुदतही त्याच कागदावर टिपा.

टॉमकॅटला मूळ विनंती कुठून आली ते कळावं म्हणून ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ आणि ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हे हेडर पाठवा आणि टॉमकॅटमध्ये ‘रिमोटआयपीव्हॉल्व्ह’ लावा, नाहीतर लॉगमध्ये सगळी गिऱ्हाइकं एकाच पत्त्यावरची दिसतात.

चाचणी घेताना आधी चुकवून बघा. ओपनएसएसएलचा ‘एस_क्लायंट’ वेब सर्व्हरवरून चालवा, पण त्याला नाव तपासायला वेगळं सांगावं लागतं, आणि सर्टिफिकेट पटलं नाही तरी तो जोडणी तशीच ठेवतो, हे ध्यानात असू द्या. मग एन्जिनएक्सला मुद्दाम चुकीचं नाव द्या: ५०२ यायलाच हवा. दुसऱ्याच रूटने सही केलेलं सर्टिफिकेट टॉमकॅटला लावा: पुन्हा ५०२ हवा. या दोन्ही वेळी ऑर्डर बिनबोभाट गेली तर तपासणी चालू नाही, मग सेटिंगमध्ये काहीही लिहिलेलं असो. शेवटी नेटवर्कवरची ये-जा टिपणारा ‘टीसीपीडंप’ लावून एक खोटी ऑर्डर टाका आणि त्यातलं नाव कुठे वाचता येतंय का पाहा.

घड्याळाकडे कुणी बघत नाही, मीही बघत नव्हतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याने वर गेलं, वीज गेली, आणि परत आल्यावर अ‍ॅप सर्व्हर काही वर्षं मागच्या तारखेत जागा झाला. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल मेला होता. त्या तारखेला वेब सर्व्हरचं सर्टिफिकेट अजून जन्मलंच नव्हतं, त्यामुळे टॉमकॅट ते घेईना, आणि आम्ही अर्धा दिवस केबल आणि राउटर तपासत बसलो. तेव्हापासून सीआर २०३२ सेल आगोटीच्या यादीत आहे, मेणबत्त्यांच्या शेजारी. नेटवरून घड्याळ जुळवणारा क्रोनी हा प्रोग्राम चालू असू द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही घड्याळं जुळवून ठेवायला आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे.

दोन-तीन दिवस सगळं सुरळीत चाललं की ८०८० चा कनेक्टर काढून टाका, आणि फायरवॉलमध्ये ८४४३ फक्त वेब सर्व्हरला आणि कागदावर नोंदलेल्या मशीनांना उघडं ठेवा. मग दोन्ही मशीन एकदा पूर्ण बंद करून चालू करा, इथलं तर इन्व्हर्टरसकट. कुणीही कीबोर्डला हात लावायचा नाही. उठून, घड्याळ जुळवून, एकमेकांची ओळख पटवून त्यांनी आपली आपण पहिली ऑर्डर पार पाडली, तर खोलीला कुलूप लावून घरच्या लाकडांकडे बघायला जा.